मातब्बर खेळाडू विकून ड्राफ्टच्या भरवशावर संघ उभारावा का?

आपण विचारले आहे की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील एखाद्या संघाचे मोठे खेळाडू पस्तिशीकडे झुकले असतील आणि संघ जेमतेम प्लेऑफ गाठून पहिल्याच फेरीत घरी परतत असेल, तर त्यांना ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू किंवा निवडीचे हक्क घेऊन, ड्राफ्टमधून म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतून नव्याने सुरुवात करावी की त्यांच्यासह आणखी एक-दोन हंगाम रेटावेत. माझे उत्तर असे आहे की विकावे, परंतु आपला खेळाडू किती थकला आहे यापेक्षा खरेदीदार संघ किती घाईत आहे, हे पाहून विकावे. पुनर्बांधणीच्या चर्चेत सगळे लक्ष विकणाऱ्या संघावर असते. सौद्याचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा विकत घेणाऱ्याच्या घरी ठरते.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. नवे खेळाडू निवडण्याचा क्रम साधारणपणे मागच्या हंगामातील कामगिरीच्या उलट असतो, म्हणजे जो तळाला त्याचा नंबर आधी, आणि अगदी वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार चार वर्षांसाठी ठरावीक कोष्टकाप्रमाणे बांधलेला असतो. एका महातारकाचा पगार संघाच्या पगारमर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्तात मिळालेला चांगला तरुण खेळाडू ही केवढी मोठी चैन आहे, हे कळते. निवडीचा हा हक्क, ज्याला आपण सारे पिक म्हणतो, पुढच्या सात वर्षांपर्यंतचा आगाऊ देता-घेता येतो. सात वर्षांनंतर आपला संघ कुठे असेल हे संघ बांधणाऱ्या कोणत्याच जनरल मॅनेजरला ठाऊक नसते, आणि तेव्हा आपण त्या खुर्चीत असू की नाही हेही नसते. चतुर विक्रेता याच अज्ञानाची किंमत वसूल करतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१३ सालच्या बोस्टन सेल्टिक्सचे आहे. केव्हिन गार्नेट ३७ वर्षांचा होता, पॉल पिअर्स ३५ वर्षांचा. या दोघांनी रे ॲलनसह २००८ साली विजेतेपद मिळवून दिले होते आणि २०१० ची अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत नेली होती. त्यानंतर ॲलन मायामीला गेला आणि २०१३ च्या प्लेऑफमध्ये संघ पहिल्याच फेरीत निक्सकडून हरला. म्हणजे आपण वर्णन केलेली परिस्थिती अगदी तंतोतंत. पलीकडे ब्रुकलिन नेट्स नुकतेच न्यू जर्सीहून नव्या शहरात, नव्या स्टेडियममध्ये आले होते. मालक मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी संघ विकत घेताना पाच वर्षांत विजेतेपदाची भाषा केली होती, आणि त्यांना प्रतीक्षा करण्याची इच्छा नव्हती. गरजवंताला अक्कल नसते, हे आपण उगीच म्हणत नाही. बोस्टनच्या संघबांधणीचे प्रमुख डॅनी एंज यांनी पिअर्स, गार्नेट आणि जेसन टेरी देऊन २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक घेतले, शिवाय २०१७ मध्ये दोन्ही संघांच्या पिकची अदलाबदल करण्याचा हक्कही मिळवला. त्या बदल्यात बोस्टनने जेराल्ड वॉलेसचा तीन वर्षांचा, सुमारे तीन कोटी डॉलरचा नकोसा करार स्वतःच्या डोक्यावर घेतला. चाहत्यांना त्या दिवशी दिसले ते एवढेच की पंधरा वर्षे बोस्टनसाठी खेळलेला पिअर्स गेला आणि वॉलेस आला.

पुढे जे झाले ते सावकाश झाले. पहिल्या हंगामात नेट्स ४४ सामने जिंकले आणि दुसऱ्या फेरीपर्यंत गेले. म्हणजे २०१४ चा पिक १७ व्या क्रमांकावर आला आणि त्यातून फारसे काही निघाले नाही. त्या उन्हाळ्यात कोणी सौद्याचा हिशेब मांडला असता तर तो बरोबरीचा निघाला असता. पिअर्स वर्षभरात वॉशिंग्टनला गेला, गार्नेट पुढच्या फेब्रुवारीत मिनेसोटाला परतला, आणि नेट्सकडे ना खेळाडू उरले ना पिक. २०१५-१६ मध्ये ते २१ सामने जिंकले, त्यानंतरच्या हंगामात २०. त्यांच्या त्या पराभवांतून बोस्टनला २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलेन ब्राउन मिळाला. २०१७ मध्ये अदलाबदलीच्या हक्काने चक्क पहिला क्रमांक मिळाला, आणि तो फिलाडेल्फियाला देऊन एंज यांनी तिसरा क्रमांक व आणखी एक भावी पिक घेतला. त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम आला. २०१८ चा पिक कायरी अर्व्हिंगच्या सौद्यात खर्ची पडला. २०२४ साली बोस्टनने डॅलसला हरवून विजेतेपद मिळवले तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू जेलेन ब्राउन होता.

या कथेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या सर्व काळात बोस्टनचा संघ फक्त एकदा, २०१३-१४ मध्ये, प्लेऑफबाहेर राहिला. २०१६-१७ मध्ये तर तो पूर्व विभागात अव्वल होता आणि त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टचा पहिला क्रमांकही त्याच्याच हाती होता. हरण्याचे काम ब्रुकलिनने केले, फळ बोस्टनने घेतले.

याच संघाच्या इतिहासात उलट उदाहरणही आहे. लॅरी बर्ड आणि केव्हिन मॅकहेल यांना सेल्टिक्सने शेवटपर्यंत सोडले नाही. दोघेही दुखापतींनी जर्जर होऊन अनुक्रमे १९९२ आणि १९९३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या बदल्यात संघाला काहीच मिळाले नाही. निष्ठेची ही किंमत मी चुकीची म्हणणार नाही, कारण बर्डला दुसऱ्या जर्सीत पाहणे बोस्टनला सहन झाले नसते. पण १९९६-९७ मध्ये संघ ८२ पैकी १५ सामने जिंकण्यापर्यंत घसरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सर्वांचे डोळे टिम डंकनकडे लागले होते. सोडतीत सर्वाधिक संधी बोस्टनची होती, आणि हाती आले तिसरा आणि सहावा क्रमांक. डंकन सॅन अँटोनिओला गेला. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या चॉन्सी बिलप्सला बोस्टनने पहिल्याच हंगामात ५१ सामन्यांनंतर ट्रेड केले. तोच बिलप्स २००४ मध्ये डेट्रॉइटच्या विजेत्या संघातून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपेक्षाभंग झालेल्या संघाला धीर राहत नाही, हेही त्यातून दिसते.

आता फिलाडेल्फियाकडे वळतो, कारण ड्राफ्टवाद्यांचे सारे युक्तिवाद तिथेच जाऊन थांबतात. सॅम हिंकी यांनी २०१३ मध्ये संघाची सूत्रे हाती घेताच ऑल-स्टार झालेला, म्हणजे लीगमधील निवडक सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेलेला, जेमतेम २३ वर्षांचा जरू हॉलिडे देऊन टाकला, आणि पुढची तीन वर्षे संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, बेन सिमन्स मिळाला. परंतु जहलिल ओकाफोर आणि मार्केल फुल्ट्झ यांच्यावर खर्च झालेले तिसरा आणि पहिला क्रमांक जवळजवळ वाया गेले. एम्बीड २०२३ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला खरा, पण त्या सबंध खटाटोपानंतर २०२५ पर्यंत संघ दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेला नाही. हॉलिडे मात्र २०२१ मध्ये मिलवॉकीकडून आणि २०२४ मध्ये त्याच बोस्टनकडून विजेता झाला. स्वतःच्या पराभवातून पीक काढण्याच्या कल्पनेत किती छिद्रे आहेत, हे इथे उघड होते.

शिवाय तेव्हापासून नियमही बदलले आहेत. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के एवढीच आहे, आणि सर्वांत वाईट संघ पाचव्या क्रमांकावर फेकला जाण्याची शक्यता ४७.९ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी आहे. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने गमावले आणि त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक आणि त्यावर सर्वांना हवा असलेला कूपर फ्लॅग मिळाला, तर १७ सामने जिंकलेल्या यूटाला पाचवा क्रमांक. ज्या योजनेत तीन वर्षे प्रेक्षकांना पराभव पाहायला लावून शेवटी नाणेफेकीवर विसंबायचे असते, तिला मी योजना म्हणायला तयार नाही.

ओक्लाहोमा सिटीचा दाखला देऊन आपण माझे म्हणणे खोडू शकाल, म्हणून त्याबद्दल थोडे. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सला देताना ओक्लाहोमाचे सॅम प्रेस्टी यांनी पहिल्या फेरीचे पाच पिक, दोन अदलाबदलीचे हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वर्षभर खेळलेला तरुण गार्ड मिळवला. काव्हाय लेनर्ड या ताऱ्याला आणायचे तर जॉर्ज हवाच, अशा अडचणीत क्लिपर्स होते, त्यामुळे ते नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हते. त्याच सौद्यातील एका पिकमधून २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकावर जेलेन विल्यम्स आला, आणि २०२५ मध्ये संघ विजेता झाला. मान्य आहे की मधल्या काळात ओक्लाहोमा दोन हंगाम वाईट हरला आणि चेट होल्मग्रेन त्या हरण्यातूनच मिळाला. परंतु संघाचे दोन आधारस्तंभ क्लिपर्सच्या घाईतून आले.

खरेदीदार चुकीचा निवडला तर काय होते, ते यूटाने २०२२ मध्ये दाखवले. रूडी गोबेरच्या बदल्यात मिनेसोटाकडून पहिल्या फेरीचे चार पिक घेतले, तेव्हा सर्वांनी यूटाचे कौतुक केले. पण मिनेसोटाकडे २० वर्षांचा अँथनी एडवर्ड्स होता. तो बहरला, गोबेर बचावात उपयोगी पडला, संघ २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे विभागाच्या अंतिम फेरीत खेळला, आणि यूटाच्या हातातील त्या पिकचे मोल घसरत गेले. ज्या संघाकडे आधीच तरुण तारा आहे त्याचे पिक कागदावर कितीही दिसले तरी ते शेवटच्या रांगेतले असतात. विकायचे तर ज्यांचा संघच वयस्कर आहे आणि ज्यांचा मालक उतावीळ आहे, त्यांना विकावे.

मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्जला आपल्याकडे पुष्कळ लोक ओळखतात. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्यांचे दोन सामने झाले होते. त्यांनी २०१७ मध्ये डिमार्कस कझिन्स विकला तेव्हा त्याच्या कराराचे जेमतेम दीड वर्ष उरले होते, म्हणून मोबदलाही बेताचाच मिळाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी पुढे महातारक ठरलेल्या लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतले. पिक गोळा करणे हे निम्मेच काम आहे.

अपवाद म्हणून एक गोष्ट मी नक्की सांगेन. २०१० मध्ये पहिल्या फेरीत हरल्यावर डॅलसने डर्क नोविट्झ्कीला सोडले असते तर २०११ चे विजेतेपद आले नसते. गोल्डन स्टेटने २०१९-२० चा दारुण हंगाम भोगूनही स्टीफन करीला हात लावला नाही आणि तो ३४ व्या वर्षी, २०२२ मध्ये पुन्हा जिंकला. त्या दारुण हंगामातून मिळालेला दुसऱ्या क्रमांकाचा जेम्स वाइजमन त्या वर्षी दुखापतीमुळे एक सामनाही खेळला नव्हता. ज्याच्या भोवती अजूनही जेता संघ बांधता येतो असा खेळाडू हाती असताना हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मात्र असे खेळाडू एका पिढीत चार-पाचच असतात, आणि प्रत्येक शहराला आपला तारा त्यांतलाच वाटतो.

म्हणून आपला संघ कोणताही असो, करार संपायला किमान दोन वर्षे बाकी असताना बोलणी सुरू करावीत, आणि मागणी जवळच्या वर्षांऐवजी तीन-चार वर्षांनंतरच्या पिकची करावी, कारण समोरच्याचा संघ खचायला तेवढा वेळ लागतो. ते पिक विनाअट असावेत. पहिल्या चार किंवा दहा क्रमांकांत आला तर तो आमच्याकडेच राहील, असे संरक्षण घालून देऊ केलेला पिक म्हणजे समोरच्याने स्वतःच्या पडझडीचा विमा उतरवून उरलेसुरले आपल्याला दिल्यासारखे आहे. तेवढेच मिळणार असेल, तर खेळाडू ठेवून घ्यावा आणि पुढच्या फेब्रुवारीच्या ट्रेड मुदतीपर्यंत दुसरा घाईतला मालक शोधावा.