तोंडाची एचपीव्ही टेस्ट कोल्हापुरात कुठे होते? – माझं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४२, गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत एचपीव्ही १६ (लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू, त्यातला कॅन्सरच्या दृष्टीनं जास्त धोक्याचा प्रकार) पॉझिटिव्ह आलाय, आता तो घशातही असेल या धास्तीनं झोप उडालीय आणि तोंडाची टेस्ट कुठे होते ते हवंय. वाचून पोटात कालवलं. चार वर्षांपूर्वी हीच टेस्ट शोधत मी राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, घरी शिकवण्या घेते. माझं वाचून तुमच्या डॉक्टरांचं काही बदलू नका.

टेस्ट कुठे होते ते मी सांगणार नाही. का, ते सांगते.

मी एका शिबिरात तपासून घेतलं होतं. तिथं तोंड, स्तन आणि खालची, अशा तिन्ही तपासण्या एकाच दिवशी झाल्या. तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा मी कपिलतीर्थ मार्केटात मेथी निवडून घेत होते. पलीकडून बाई घाईघाईत म्हणाली, "तोंडाला व्हायरस निघालाय, पुढची तपासणी करून घ्या." संपलं. कुठलं तोंड, कसली तपासणी, कुणाकडे, काही नाही. आता मी लग्न झाल्यापासून मिश्री लावणारी बाई. तोंड म्हटल्यावर माझा हात आधी गालाला गेला.

कागद हातात आला तो इंग्रजीत. त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, सर्व्हायकल. आमच्याकडे सासूबाईंना सर्व्हायकलचा त्रास, मानेला पट्टा. म्हणजे मान आणि तोंड. घसाच की हो! शिकवण्या घेणारी बाई मी, पण एकदाही कुणाला विचारलं नाही. लाज वाटली. "एचपीव्ही कशानं होतो?" असं विचारलं की समोरचा नवऱ्याचं नाव घेणार, ही भीती.

एका लॅबनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावून नळीत थुंकायला सांगितलं. साडेचार हजार घेतले. कशासाठी करताय, कुणी सांगितलं, एका शब्दानं विचारलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत मी माझा कप वेगळा ठेवला, जावेच्या पोराला हातानं भरवणं बंद केलं. रिपोर्ट निगेटिव्ह! अंबाबाईची ओटी भरून आले आणि फाईल माळ्यावर टाकली.

सात महिने.

पुढं अंगावरून जायला लागलं म्हणून मिरजेला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "अहो, पॉझिटिव्ह पिशवीचं तोंड होतं, तुम्ही हे कुठलं तोंड तपासून आलात?" कागदावरचं सर्व्हायकल म्हणजे मानेचं नव्हे, पिशवीच्या तोंडाचं, हे तेव्हा कळलं. मग कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघणं), तुकडा तपासणी, आणि तारेच्या लूपनं खराब भाग काढला. कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. त्या सात महिन्यांनी किती फरक पडला ते कुणीच सांगू शकलं नाही. नंतर मी त्या शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या नावापुढे टिक होती आणि लिहिलं होतं, "कळवले". आजही आठवलं की डोकं तापतं.

तर तुमच्या घशाबद्दल. खाली एचपीव्ही असलेल्या बाईच्या तोंडातही तो सापडण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते, हे खरं. पण बायकांमध्ये मुळात प्रमाण कमी. अमेरिकेत २००९-१० मध्ये १४ ते ६९ वयाच्या लोकांची पाहणी झाली होती, त्यात पुरुषांत १० टक्क्यांच्या आसपास आणि बायकांत ३.६ टक्के लोकांच्या तोंडात कुठला ना कुठला एचपीव्ही निघाला. १६ नंबरचा तर एकूण एक टक्काच. बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. जोखीम वाढवतात त्या गोष्टी म्हणजे मुखमैथुन आणि आयुष्यातल्या जोडीदारांची संख्या, तंबाखू, एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती खालावणारी कारणं. कप-ताटानं पसरतो याला आधार नाही, माझा वेगळा कप फुकट गेला. आणि घशाच्या टेस्टला त्रास नसताना सगळ्यांनी करायची मान्य तपासणी म्हणून जागाच नाही. पॉझिटिव्ह आली तरी त्या विषाणूवर औषध नाही, निगेटिव्ह आली तर माझ्यासारखं होतं.

नवऱ्यावर मात्र लगेच तुटून पडू नका. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज सापडला म्हणजे आजच आला, असं त्यावरून ठरत नाही. आमच्याकडे हे शिरोलीच्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला, रात्री बाराला घरी. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही, काहीही कारण नसताना.

मिश्री लावत असाल तर ती सोडा, हे माझं ठाम मत. आपल्याकडे बायकांच्या तोंडाच्या कॅन्सरला एचपीव्हीपेक्षा तंबाखूच जास्त कारणीभूत आहे, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दंतमंजन नव्हे. मला सकाळी सहाला बोट आपोआप डबीकडे जायचं. डबीत बडीशेप भरून ठेवली, तरी दोन महिने चिडचिड झाली. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

घशाचं एवढंच लक्षात ठेवा की मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा घसा दुखणं, गिळताना अडकणं किंवा तोंडात न भरणारी जखम यातलं काही तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते बघतील, हात लावून तपासतील. त्याला गुळण्या लागत नाहीत.

लसीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आधीच असलेला संसर्ग लसीनं जात नाही. पण घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिला द्या, त्या वयात दोन डोसांत भागतं. पुण्याच्या सिरमची लस २०२३ पासून मिळतेय.

आणि १६ नंबर आलाय ना, मग थांबायचं नाही. रिपोर्ट घेऊन थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि "कोल्पोस्कोपी कधी?" एवढंच विचारा. तुकडा तपासणी झाल्यावर मिरजेला जाणार असाल तर तिच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉकही (मेणात ठेवलेला तुकडा) मागून घ्या, नुसत्या कागदावर पुन्हा हेलपाटा पडतो. तारीख मिळाली की इथं लिहा, मी बघते.