डाव्या हातानं वाहिलेलं फूल

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त साप निघाले. त्यातलं ऐरोलीचं पत्र मला सगळ्यात आवडलं, त्यामुळे तिथेच जास्त रेंगाळणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, आमच्या शेजारी बंगाली कुटुंब राहतं. 17 सप्टेंबरला माझ्या मिस्टरांच्या रबाळ्याच्या कंपनीत विश्वकर्मा पूजा होती आणि त्याच दिवशी शेजारच्या बौदींनी (बंगालीत वहिनी) मला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी घासूनपुसून लख्ख केलेली, तिच्यावर एका काटेरी झाडाची फांदी ठेवलेली, पुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी. जेवण सगळं आदल्या रात्रीचं, गार. "आज चूल पेटवायची नाही, मां मनसाचा दिवस," म्हणाल्या. निघताना त्यांनी त्या झाडाची एक फांदी मला कुंडीत लावायला दिली. सासूबाईंनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "परक्यांची नागदेवी, कडक असते. आणि शिळ्याचा नैवेद्य कुठल्या देवाला चालतो?" फांदी तीन दिवस चपलांच्या स्टँडवर पडून आहे. मला शेजारही हवा आहे आणि सासूबाईही. काय करू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी एक काम करा. चहा पिताना सासूबाईंना सहज विचारा, "आई, लहानपणी साप दिसला की तुम्हाला काय म्हणायला शिकवलं होतं?" माझी पैज आहे, त्या म्हणतील, "आस्तिक आस्तिक काळभैरव." आमच्या आजीनं तर ते आम्हाला पाढ्यांच्याही आधी पाठ करून घेतलं होतं. न्हाणीघराकडे अंधारात जायचं तर हातात कंदील आणि तोंडात आस्तिक.

हा आस्तिक कोण? महाभारताच्या आदिपर्वात आहे. परीक्षित राजा तक्षकाच्या दंशानं गेला, म्हणून त्याच्या मुलानं, जनमेजयानं, सर्पसत्र मांडलं. मंत्राच्या ओढीनं साप येऊन आगीत पडू लागले. ते सत्र एका कोवळ्या मुलानं थांबवलं, तो आस्तिक. त्याची आई जरत्कारू, वासुकी नागाची बहीण. बापाचं नावही जरत्कारूच, कारण त्या ऋषीनं अटच घातली होती की माझ्याच नावाची मुलगी असेल तर लग्न करीन. (असल्या अटी घालणारी स्थळं आजही येतात.) पुढे देवीभागवतानं आणि ब्रह्मवैवर्त पुराणानं हीच जरत्कारू म्हणजे मनसादेवी असं सांगितलं. म्हणजे बघा, सासूबाई जन्मभर ज्याच्या नावाचा धावा करत आल्या, त्याचीच आई तुमच्या चपलांच्या स्टँडवर ताटकळत बसली आहे.

आता सासूबाई तिला कडक म्हणतात, तेही अगदी खोटं नाही. वाशीला सिडकोच्या इमारतीत आम्ही आठ वर्षं राहिलो, तेव्हा समोरच्या दारात एक बंगाली मावशी होत्या. बंगालीत मावशीला 'माशी' म्हणतात. माझ्या धाकटीनं तशी हाक मारायला साफ नकार दिला, तिला ती घोंघावणारी माशी वाटायची. या माशींनी मला मनसेची गोष्ट सांगितली, एका दुपारी, मोडक्या हिंदीत, कच्च्या केळ्याची सालं काढता काढता. तशी मी त्याआधी वाचली होती, पण सालं काढता काढता ऐकलेली लक्षात राहिली.

चंपकनगरचा चांद सौदागर, जहाजांचा मोठा व्यापारी, शिवाचा कट्टर भक्त. मनसेला माणसांत पूजा हवी होती आणि चांदनं फूल वाहिल्याशिवाय ती मिळणार नव्हती. चांद ऐकेना. ती एका डोळ्यानं अधू होती, सावत्र आई चंडीनं मत्सरापोटी तो डोळा फोडला होता, आणि चांद तिला त्यावरूनच हिणवायचा. 'काणी' हा शब्द माशींनी तोंडावर पदर धरून उच्चारला. मनसेनं त्याची सहा मुलं मारली, जहाजं बुडवली, त्याला रस्त्यावर आणलं. तरी हा वाकला नाही. सातवा मुलगा लखिंदर, त्याच्या लग्नाच्या रात्रीसाठी चांदनं लोखंडाची खोली करवून घेतली. मुंगी शिरायला फट नाही, अशी. काही ठिकाणी सांगतात की ती खोली विश्वकर्म्यानं बांधली आणि मनसेच्या धाकानं केसाएवढं भोक ठेवलं. तुमच्या मिस्टरांच्या कंपनीतली पूजा आणि बौदींची पूजा एकाच दिवशी येते तेव्हा मला हटकून ते भोक आठवतं. त्यातून नागीण आत गेली.

पुढची गोष्ट बेहुलेची, म्हणजे नवऱ्या मुलीची. साप चावून मेलेल्याला तिकडे जाळत नसत, केळीच्या खुंटांच्या तराफ्यावर नदीत सोडत. ही मुलगी त्या तराफ्यावर जाऊन बसली. प्रेत सडत गेलं, हाडं उरली, ही उतरली नाही. वाटेत तिला नदीकाठी धुणं धुणारी नेता भेटली, देवांची धोबीण. तिचं पोर धुण्यात लुडबुड करत होतं. तिनं त्याला एका फटक्यात मारून बाजूला ठेवलं, सगळं धुणं पिळून झाल्यावर पाणी शिंपडून उठवलं आणि हाताला धरून घरी निघाली. बेहुलेनं ओळखलं की आपलं काम इथेच होणार. माशी इथे खूप हसल्या होत्या. म्हणाल्या, मलापण असं एक पाणी पाहिजे, मुलं दुपारची झोपतच नाहीत.

नेतेनं तिला देवांच्या सभेत नेलं, बेहुला तिथे नाचली आणि नवऱ्याचे प्राण मागून घेतले. अट एकच, सासऱ्यानं मनसेला फूल वाहायचं. चांदनं वाहिलं. पण ज्या उजव्या हातानं शिवाची पूजा केली तो हात पुढे केला नाही. तोंड फिरवून, डाव्या हातानं टाकलं. आणि देवीनं ते घेतलं.

मला या सगळ्यात देवीपेक्षा ते डाव्या हातानं वाहिलेलं फूल महत्त्वाचं वाटतं. इतका कहर करून शेवटी तिला काय मिळालं, तर तोंड फिरवलेल्या माणसाचं एक फूल, आणि तेवढ्यावर ती शांत झाली. विजय गुप्त, बिप्रदास पिपिलाई यांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी या कथेवर मोठमोठी मंगलकाव्यं लिहिली, पुढे सतराव्या शतकात केतकादास क्षेमानंदानं लिहिलं. त्यांतल्या कुणीही चांदचा उजवा हात पुढे करायला लावून गोष्ट गोड केली असती तर ती इतकी टिकली नसती, असं माझं आपलं मत.

आता आपल्या श्रावणातली नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्याच्या नांगरानं वारुळातली पिल्लं मरतात. नागीण चिडून घरादाराला डसते, मग परगावी दिलेल्या लेकीला डसायला निघते. तिथे बघते तर लेकीनं पाटावर नागनागीण आणि पिल्लं काढलेली, दूधलाह्यांचा नैवेद्य दाखवलेला. नागीण संतुष्ट होते, अमृत देते, लेक माहेरी धावते आणि मेलेली माणसं उठवते. तिकडे सून, इकडे लेक. घरातल्या पुरुषानं केलेलं निस्तरायला दोन्हीकडे पोरीच. फरक इतकाच की आपण नागोबाला भाऊ मानतो आणि त्यांनी आई मानली. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, तिथे तर भावाच्या जोडीला आईही आहे. सातेरी देवी म्हणजे मुळात वारूळच. मूर्ती नंतर आली असेल, पण गाभाऱ्यात मातीचं वारूळ पुजतात ते मी डोळ्यांनी पाहत वाढले.

राहिला शिळ्या नैवेद्याचा मुद्दा. सासूबाईंना शिळासप्तम आठवत नाही का? श्रावणातल्या शुद्ध सप्तमीला शीतळादेवीची पूजा, आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि चुलीला विश्रांती. बंगालीत या तुमच्या बौदींच्या दिवसाला 'अरंधन' म्हणतात. आपण 'रांधणं' म्हणतो, मालवणी माणूस 'रांधप' म्हणतो, त्याच घरातला शब्द. भाद्रपद संक्रांतीच्या, म्हणजे त्यांच्या भाद्रपदाच्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या रात्री रांधायचं, दुसऱ्या दिवशी थंड चुलीत मनसेच्या झाडाची फांदी ठेवायची. नागपंचमीला आपण चिरत नाही, तळत नाही, तवा ठेवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी विसरून काकडी चोचवायला घेतली होती. आतेसासूबाईंनी माझ्या हातातून विळी काढून घेतली आणि एक शब्द न बोलता माळ्यावर टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांची मोठी मनसापूजा मात्र श्रावणाच्या शेवटच्या दिवशी, साधारण 17 ऑगस्टला असते. त्यांचा महिना सूर्यावर चालतो, आपला चंद्रावर, म्हणून त्यांचा श्रावण आणि आपला श्रावण जुळत नाही. पुढच्या वर्षी बौदींनी बोलावलं तर कॅलेंडरवरून वाद घालू नका.

फांदीचं : ते झाड निवडुंगासारखं दिसतं, पण जाड मांसल पानांचं. बंगालीत 'सीज' म्हणतात. बरेच जण देवीची मूर्ती न आणता हे झाड किंवा नुसता घटच पुजतात. तोडलेल्या टोकाचा चीक सुकला असेल तर रेताड मातीत खोचा, पाणी बेतानं घाला, जगेल. चीक मात्र जपून, डोळ्यांत गेला तर फार आग करतो, आणि घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर. सासूबाईंनी बाल्कनीला नाही म्हटलं तर जिन्याच्या खिडकीत ठेवा. आणि त्या कधी जाता-येता तोंड फिरवून, डाव्या हातानं तांब्याभर पाणी ओतताना दिसल्या, तर काही बोलू नका.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही हरिद्वारला मनसादेवीला धागा बांधून आलो. ती आणि बंगालची नागदेवी एकच का?
— कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : नाव एक. ती वासुकीची बहीण हे तिथेही सांगतात. पण बिल्व पर्वतावर उडनखटोल्यानं (रोपवेनं) जाणारी गर्दी सापाची भीती घेऊन जात नाही, मनातली इच्छा घेऊन जाते. 'मनसा' या नावाचा तिथे धरलेला अर्थच तो. इच्छा पूर्ण झाली की धागा सोडायला परत जायचं असतं, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही, म्हणून आठवण केली.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये मोठा साप निघाला. वॉचमननं काठीनं मारला. नंतर कळलं की ती धामण होती. एका गुरुजींनी सर्पशांतीचे अकरा हजार सांगितले आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणी सुरू झाली आहे. द्यावी का?
— मानपाडा

उत्तर : मी दिली नसती. शांती करून मनाला बरं वाटत असेल तर घरच्या घरी पाटावर गंधानं नाग काढा, लाह्या ठेवा, हात जोडा. आपल्या आज्यांनी तेवढ्यावरच निभावलं. दूध कटोरीतच राहू द्या आणि नंतर चहात घाला, सापाला दूध पचत नाही.

खरी चूक मारण्यात झाली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. आता तुमच्या पार्किंगमधल्या उंदरांना मोकळं रान आहे आणि गाड्यांच्या वायरी आहेत. तुम्ही येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहता, पावसात बिळांत पाणी भरलं की साप बाहेर येणारच. 1972च्या वन्यजीव कायद्यानं सापांना संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा होऊ शकतो, हे वॉचमनला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याला दोष देऊ नका, त्याच्या हातात तुम्ही काठीच दिली होती. वर्गणी जमलीच असेल तर त्याला एक चांगली टॉर्च आणि गमबूट घेऊन द्या, आणि केबिनमध्ये वनविभागाचा 1926 हा नंबर मोठ्या अक्षरांत लावा.

विषारी चार ओळखा : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावा झालाच तर त्या माणसाला चालवू नका, चावलेला भाग फार हलू देऊ नका, चिरा मारू नका, घट्ट आवळून बांधू नका, आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. या चारही विषांवर चालणारं एकच प्रतिविषाचं इंजेक्शन असतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. वाटेत 'आस्तिक आस्तिक' म्हणायला माझी हरकत नाही, फक्त रिक्षा थांबवून म्हणू नका.

प्रश्न : ताई, माझ्या पातोळ्या उकडताना फुटतात आणि सारण बाहेर येतं.
— कळवा

उत्तर : तांदूळ भिजवून वाटता की तयार पीठ भिजवता ते लिहिलं नाहीत. वाटत असाल तर पाणी कमी करा. हळदीच्या पानावर हातानं पसरलं की ओघळता कामा नये, लेपासारखं बसलं पाहिजे. सारणातला गूळ सुटला की थांबू नका, खोबरं आणि गूळ कोरडं होईस्तोवर परता. पान जांभळी नाक्याला सकाळी लवकर जाऊन घ्या, कोवळं नको, रुंद आणि जून घ्या. कोवळं पान उकडताना आकसतं आणि पातोळी मधोमध भेगाळते.