'चार्ज'चा भार कोणावर?

पुणे

अनेक आशीर्वाद.

भाषांतराच्या पहिल्याच मोठ्या कामात 'चार्ज' हा शब्द पानोपानी वेगळ्या अर्थानं आला आणि तुझी तारांबळ उडाली, हे पत्रावरून कळलं. कोशातले सगळे अर्थ पाठ करून उपयोग नाही. आधी शब्दाचं मूळ बघ.

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरण्याचं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. कॅरिकेचरसुद्धा, कारण त्यात चेहऱ्यावर जास्तीचं काहीतरी लादलेलं असतं. म्हणजे मुळात हा भार. बंदुकीत दारू भरली, बॅटरीत वीज. गिऱ्हाइकावर खर्च पडला, अधिकाऱ्यावर काम, संशयितावर आरोप. गंमत म्हणजे मराठीनंही अशा बऱ्याच ठिकाणी 'भार'च वापरलाय: कार्यभार, अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युतप्रभार. तेव्हा वाक्य हातात आलं की पहिला प्रश्न हा, की कोण कोणावर काय लादतंय? 'अंगावर धावून जाणं' हा अर्थ तेवढा यात ओढूनताणून बसवू नकोस. लाठीचार्जमध्ये तोच आहे, आणि त्याला 'लाठीमार' हा नेटका शब्द आहे.

मग मागचंपुढचं शब्दयोगी बघ. 'चार्ज फॉर' म्हणजे कशाचे तरी पैसे घेणं. 'चार्ज टू' म्हणजे कोणाच्या खात्यावर मांडणं. 'चार्ज अ‍ॅट' म्हणजे धावून जाणं. 'चार्ज्ड विथ' मात्र दुतोंडी आहे: पुढे गुन्ह्याचं नाव असेल तर आरोप, कामाचं असेल तर जबाबदारी. आणि 'इन चार्ज ऑफ'मध्ये मधे एक 'द' घुसला की अर्थ उलटतो. नर्स 'इन चार्ज ऑफ' मूल असते. मूल 'इन द चार्ज ऑफ' नर्स असतं. तिच्या 'यंग चार्जेस' म्हणजे तिच्या ताब्यातली मुलं. तिथे 'नवे आरोप' लिहू नकोस.

पैशांच्या बाबतीत शब्द घरातच आहेत. महावितरणचं मराठी बिल काढ. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे 'चार्ज' दिसतील, आणि खाली वेगळं 'वीज शुल्क', जे मुळात 'ड्यूटी' आहे. दोन्हींना शुल्क लिहिलंस तर बिलाची बेरीज कोणाला समजावता येणार नाही. पण हाच 'आकार' सातबाऱ्यावर नेऊ नकोस. तिथे आकार म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी. बँकेचा जमिनीवरचा 'चार्ज' इतर हक्कांच्या रकान्यात 'बोजा' म्हणून चढतो. त्याला 'गहाण'ही म्हणायचं नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण आणि चार्ज वेगळे आहेत: गहाणात मालमत्तेतला हितसंबंध हस्तांतरित होतो, चार्जमध्ये होत नाही. चार्जची व्याख्या कलम 100मध्ये आहे, ती मुळातून वाच.

खरी जोखीम कोर्टाच्या मजकुरात आहे. शिवाजीनगर कोर्टातल्या कोणत्याही वकिलाला विचार, तो आधी टप्पे विचारेल. पोलिसांत गुन्हा दाखल होतो, तो 'चार्ज' नव्हे. तपासानंतर पोलीस कोर्टात दोषारोपपत्र देतात, ते 'चार्जशीट'. 1 जुलै 2024पासून त्याचं कलम 173चं 193 झालंय, कारण फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आरोपी कोठडीत असेल आणि ते गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यानंतर कोर्ट आरोप निश्चित करतं, आणि आपल्याकडे खरा 'चार्ज' तो. इंग्लंडमध्ये मात्र खटला कोर्टात उभा राहण्याआधीच संशयिताला 'चार्ज' करतात. म्हणून लंडनच्या बातमीतल्या 'चार्ज्ड'ला 'दोषारोपपत्र दाखल' लिहिणं चूक. 'औपचारिक आरोप ठेवला' एवढंच लिही. 'दोषी ठरवलं' तर कधीच नको. तो निकाल झाला, आणि बदनामीची नोटीस संपादकाबरोबर तुलाही येईल.

तुझ्या मजकुरात भोसरीच्या कारखान्याचं माहितीपुस्तक आहे म्हणालास. तिथला 'चार्ज एअर कूलर' विजेचा नाही. टर्बोचार्जर हवा दाबतो, दाबली की ती तापते, आणि तापली की विरळ होते. सिलिंडरमध्ये जास्त हवा मावावी म्हणून ती वाटेत गार करतात. इथे 'चार्ज' म्हणजे सिलिंडरमध्ये भरायची हवा. वर्कशॉपमध्ये याला इंटरकूलर म्हणतात, तेच लिही. एसीच्या पट्टीवर 'रेफ्रिजरंट चार्ज' पुढे वजनाचा आकडा असतो, तिथे 'भरायचा गॅस' पुरे. 'शिफ्ट इन-चार्ज'ला 'प्रभारी' नको. 'प्रभारी मुख्याध्यापक' ऐकून आपल्याला तात्पुरती नेमणूक आठवते. 'शिफ्टप्रमुख' बरं.

अर्थसंकल्पात 'चार्ज्ड' खर्च म्हणजे 'भारित', आणि त्याच्या जोडीला 'दत्तमत', म्हणजे मतदानानं मंजूर होणारा. भारित खर्चावर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार त्यात येतात. इथे शासनाचाच शब्द ठेव, स्वतःचा घडवू नकोस. 'चार्ज्ड अ‍ॅटमॉस्फिअर'ला मात्र डोळे झाकून 'भारलेलं वातावरण' लिहू नकोस. भारलेलं कीर्तनात असतं. संपाच्या सभेत ते तंग असतं.

मोबाइल चार्जिंगलाच लावायचा. त्याचं 'प्रभारण' केलंस तर मी पान परत पाठवीन.

माहितीपुस्तकाची पानं आधी पाठव, कोर्टाची नंतर बघू.

कळावे, लोभ असावा.