मकाऊच्या जुन्या वस्तीत घर घेताना

ताई, मिस्टरांची मकाऊला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोर्तुगीज वसाहतीत बदली झालीय, मुलगी आठ वर्षांची, आणि जुन्या वस्तीत भाड्यानं घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर सापडेल, ते सोडते.

घ्या, पण तळमजला नको. जुन्या बंदराच्या बाजूला समुद्र रस्त्यावर येतो. ऑगस्ट २०१७च्या हातो वादळात तिथली दुकानं पाण्याखाली गेली. 'बारा' नावाच्या टेकडीचा चढ बरा. तिथेच १८७४ची मूरिश, म्हणजे अरबी धाटणीची बराक आहे, टोकदार कमानींची, रुंद व्हरांड्यांची. पोलीस दलासाठी गोव्याहून आणलेल्या शिपायांसाठी ती बांधली. जवळच्या मंदारिन (चिनी सरदार-अधिकारी) वाड्यात शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत, थेट गोव्यातल्या जुन्या घरांसारख्या. तिथून लांब, सेंट पॉल चर्चची उरलेली दर्शनी भिंत, तिला खेटून ना चा या बालदेवाचं चिमुकलं देऊळ, आणि बाजूला १५६९ची तटबंदी: माती, वाळू, भाताचा पेंढा, दगडाचा चुरा आणि कालवांचे शिंपले थरावर थर धुमसून केलेली. त्या मिश्रणाला चुनांबो म्हणतात. शब्द आपल्या चुन्याच्याच गोतातला.

मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेचा दमट वारा गार भिंतींना लागतो आणि भिंती, फरश्या पाझरतात. हवा खेळावी म्हणून खिडकी उघडलीत तर आणखी पाणी सुटतं. खिडक्या बंद, ओल शोषणारं यंत्र चालू, कपाट भिंतीपासून वीतभर लांब.

पत्त्यांनी डोकं फिरतं. निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर चिनी आणि पोर्तुगीज दोन्ही नावं असतात, पण ती एकमेकांचं भाषांतर असतीलच असं नाही. आल्मेदा रिबेरो मार्गाला लोक 'सान मा लो' म्हणतात, म्हणजे नवा रस्ता. टॅक्सीवाल्याला चिनी अक्षरंच दाखवा. भाडेकरारावर दोन्ही नावं घ्या आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर तीच जशीच्या तशी उतरवा.

एकटं वाटतं, हो. रोज त्याच भाजीवाल्याकडे जात राहा.

मुलीला निघण्याआधी भारतात मँडरिनचा, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेचा क्लास लावू नका. मकाऊत बोलतात कँटोनीज ही दक्षिण चीनची बोली, सहा सुरांची (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो), आणि लिहितात जुनी, पारंपरिक अक्षरं. आपल्याकडच्या क्लासात बहुधा सोपी केलेली लिपी शिकवतात. 'परदेशी मुलांना चिनी माध्यम झेपत नाही' असं एका शाळेनं सांगितलं आणि मी लगेच मानलं, कारण इंग्रजी माध्यम माझ्या सोयीचं होतं. गल्लीतली पोरं काय बोलतात ते माझ्या मुलाला आजही कळत नाही. ते मला बोचतं. तुम्ही प्रवेशाआधीच विचारा: कँटोनीजचे आठवड्याला तास किती, आणि नवख्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे का.