हँडब्रेकचं ब्रॅकेट : सिक लाइनवरच्या नव्या फिटरला पत्र

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

सिक लाइनला, म्हणजे बिघडलेल्या मालडब्यांच्या दुरुस्तीच्या लाइनला, ड्युटी लागली हे तुझ्या बाबांकडून आधीच कळलं होतं, पत्र नंतर आलं. बरं झालं. यार्डात रात्रभर गाडीच्या कडेने टॉर्च मारत चालण्यापेक्षा इथे जास्त शिकशील. तू चार प्रश्न विचारलेस. त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं तुझा मिस्त्री माझ्यापेक्षा चांगली देईल. चौथा तू जाता जाता विचारल्यासारखा लिहिलायस, पण मला तोच महत्त्वाचा वाटला: "हँडब्रेकचं ब्रॅकेट थोडं वाकलंय, चाक मात्र फिरतंय. वॅगन अडवायची की सोडायची?"

अडवायची. आता कारण सांगतो.

हँडब्रेक आवळायचं हातचाक फिरतंय यावरून काहीच सिद्ध होत नाही. बॉक्सएनचं, म्हणजे आपल्या उघड्या मालडब्याचं, उदाहरण घे. आपण चाक आवळतो, तो जोर स्क्रूमुळे ओढीत बदलतो, ती ओढ दांड्या आणि लिव्हरांतून वाढत वाढत आठही चाकांवरच्या ब्रेक ब्लॉकपर्यंत जाते. दांडा जेवढ्या जोराने ओढला जातो तेवढाच उलटा जोर त्याला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेट ताठ असेल तर जोर ब्लॉकपर्यंत पोचतो. ते कच्चं असेल, रिव्हेट ढिले असतील, वेल्ड चिरलेलं असेल, तर तुझी अर्धी ताकद त्या लोखंडाला वाकवण्यातच जाते. आणि गंमत अशी की हाताला फरक कळत नाही. चाक जड होत जातं, शेवटी गच्च होतं, पॉइंट्समन (यार्डात डबे जोडणारा-सोडणारा) हात झटकून पुढच्या डब्याकडे जातो. ब्लॉक मात्र चाकाला नुसता टेकलेला असतो. ब्रेक तुटून हातात आला असता तर निदान त्याने दुसरा डबा तरी आवळला असता.

म्हणून ब्रॅकेट मोकळं असताना बघून भागत नाही. ते ताणाखाली बघायचं. माझ्या अनुभवात हीच एक गोष्ट लोक सर्रास टाळतात, कारण त्यासाठी चाक फिरवावं लागतं आणि उन्हाळ्यात ते चाक हातात धरवत नाही.

क्रम असा ठेव. आधी लाइनच्या दोन्ही टोकांना लाल बॅनर आणि पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) लॉक झाल्याची स्वतः खात्री. "साहेबांनी सांगितलंय" हे चालत नाही. मग चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके. मग डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हचा (हवेचा ब्रेक लावणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) रिलीज हँडल ओढून सिलिंडरमधली हवा पूर्ण काढ. फुस्स आवाज थांबेपर्यंत हँडल सोडू नकोस, आणि पिस्टन आत गेलाय हे डोळ्यांनी बघ. यानंतरच हँडब्रेकला हात लाव. हवेने आधीच आवळलेल्या ब्रेकवर हँडब्रेक लावून पाहिलास तर तू हवेचीच परीक्षा घेतोयस.

ही साधी गोष्ट किती महाग पडू शकते ते कॅनडातल्या लाक-मेगांटिकला दिसलं. 6 जुलै 2013 ची पहाट. कच्च्या तेलाचे 72 टँकर घेऊन आलेली गाडी वरच्या बाजूला नांत गावाजवळ उतारावर उभी करून ठेवली होती. चालकाने 7 हँडब्रेक लावले आणि ते धरतात का हे तपासूनही पाहिलं. पण तपासताना इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेलेच होते, त्यामुळे गाडी हलली नाही आणि सगळं ठीक वाटलं. नंतर पुढच्या इंजिनाला आग लागली म्हणून ते बंद केलं गेलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा हळूहळू उतरली आणि गाडी सुटली. खाली गावात ती रुळांवरून घसरली आणि पेटली. 47 माणसं गेली. निव्वळ हँडब्रेकवर ती गाडी धरायला 17 ते 26 ब्रेक लागले असते, असा तिथल्या तपास मंडळाचा हिशोब आहे. एवढी तफावत का, ते तू आता सिक लाइनवर रोज बघशील: एकाने आवळलेला ब्रेक आणि दुसऱ्याने आवळलेला ब्रेक सारखा धरत नाही. तिथला उतार होता शंभराला 1.2, म्हणजे साधारण 83 ला 1. आपल्या कसाऱ्याच्या आणि खंडाळ्याच्या घाटात तो 37 ला 1 आहे.

उतार लागतोच असंही नाही. जून 2023 मध्ये ओडिशात जाजपूर केओंझर रोड स्टेशनात वादळी पाऊस आला म्हणून मजूर उभ्या वाघिणींखाली आडोशाला बसले. इंजिन जोडलेलं नव्हतं. वाघिणी हलल्या आणि 6 जण गेले.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. चाक गच्च आवळून ठेव आणि कोणाला तरी त्याच्याजवळ उभं कर. तू ब्रॅकेटच्या बुडाशी जा, जिथे ते फ्रेमला मिळतं. वेल्ड असेल तर वेल्डच्या कडेला बघ, मधोमध नाही. चीर जवळजवळ नेहमी वेल्ड संपून मूळ पत्रा सुरू होतो तिथून निघते, त्यातही वेल्डच्या टोकाकडून. रंगावर केसासारखी रेघ दिसते आणि तिच्याखाली तांबूस ओघळ. ओघळ दिसला की रेघ शोध, रेघ दिसली की तारेच्या ब्रशने जागा घासून चकचकीत कर आणि डाय (चिरेत शिरून तिची रेघ उमटवणारा लाल रंग) लावून खात्री कर. रंग नुसता तडकला असेल तर लाल उमटणार नाही. आता आवळलेल्या ब्रेकवरची रेघ आणि मोकळ्या ब्रेकवरची रेघ मुद्दाम ताडून बघ. मोकळेपणी जी अजिबात दिसत नाही ती ताणाखाली नख अडकेल इतकी उघडते.

रिव्हेट असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. एका बाजूला रिव्हेटच्या डोक्याच्या कडेवर अंगठा असा ठेव की तो थोडा डोक्यावर आणि थोडा पत्र्यावर येईल. दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका दे. घट्ट रिव्हेट असेल तर अंगठ्याला सगळं एकसंध लागतं. ढिला असेल तर डोकं पत्र्यापासून वेगळं हललेलं कळतं, कानाला कळण्याच्या आधी. डोक्याभोवती बारीक तपकिरी भुकटीचं कडं असेल तर ठोका द्यायच्या आधीच ओळख. ते लोखंड लोखंडावर घासून पडलेलं असतं.

मग दांड्याची भोकं. लंबगोल झालीयत का बघ. पिनांना कॉटर आहेत का, की कोणीतरी तार पिळून काम भागवलंय? खाली दांडा निसटला तर तो रुळावर पडू नये म्हणून जे सेफ्टी ब्रॅकेट असतं त्याकडेही एक नजर टाक, ते तर कोणाच्याच हिशोबात नसतं. शेवटी आठही ब्लॉक चाकाला बसलेत का ते एकेक करून बघ. पहारीचं टोक लावून रेटलास आणि ब्लॉक हलला तर जोर तिथवर पोचलेला नाही.

ब्रेक मोकळा करून तेच उलटं तपास. सगळे ब्लॉक सुटले पाहिजेत. वाकलेल्या ब्रॅकेटमध्ये दांडा आडवा अडकतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही. अशी वाघीण रेकमध्ये (जोडलेल्या डब्यांच्या गाडीत) गेली की ब्रेक बाइंडिंग, म्हणजे धावताना ब्रेक चिकटलेलाच, पुढच्या स्टेशनला धूर आणि चाकावर फ्लॅट, म्हणजे घासून सपाट झालेली जागा. मालडब्याला फ्लॅटची मर्यादा 60 मिलिमीटर आहे, एका रात्रीत ती ओलांडली जाते. त्याचं खापर नेहमी डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हवर फुटतं.

ब्रॅकेट वाकतं कशाने, हे दुरुस्तीआधी शोधायची सवय लाव. पोकलेनची बादली बाहेरून लागली असेल तर धातूवर ओरखडा असतो आणि आजूबाजूचा पत्राही दबलेला असतो. पहारीने आवळलं असेल तर चाकाच्या आऱ्यांवर दाबल्याच्या खुणा दिसतात आणि ब्रॅकेट ओढीच्या दिशेने झुकलेलं असतं. काही नसताना चिरलं असेल तर बहुतेक वेळा दोन ब्रॅकेट एका रेषेत नसतात, म्हणजे मागच्या कोणाची तरी वेल्डिंग.

हलकं वाकलेलं, चीर नसलेलं ब्रॅकेट गरम करून सरळ करता येतं. थंड ठोकायचं नाही, आणि गरम केलेल्यावर पाणी ओतायचं नाही, घाई कितीही असो. सरळ झाल्यावर पुन्हा डाय लाव, कारण काही चिरा सरळ करतानाच जन्मतात. चीर असेल तर तिच्या टोकाला भोक पाडून ती थांबव, ग्राइंडरने मुळापर्यंत काढ आणि मग भर. चिरेवरून वरवर एक पास मारून रंग फासला की आठवड्याने तीच चीर शेजारून निघते. जुन्या वेल्डवर वेल्ड चढवून चढवून मुठीएवढा गोळा झालेली ब्रॅकेटं मी पाहिली आहेत. अशांना कापून नवीनच बसवायचं. नवीन बसवताना दांडा आत घालून आधी टाके मार, चाक फिरवून बघ, मग दोन्ही बाजूंना आलटून पालटून वेल्ड कर. एकाच बाजूने पूर्ण केलंस तर थंड होताना ते ओढलं जातं आणि दांडा जाम. इलेक्ट्रोड ओव्हनमधला सुका घे. डबा कॉर्टेनचा (कमी गंजणाऱ्या पोलादाचा) आहे की स्टेनलेसचा हे विचारूनच इलेक्ट्रोड निवड. भोक ड्रिलनेच पाडायचं, गॅसने नाही. आणि ढिल्या रिव्हेटच्या डोक्याभोवती वेल्डचं कडं मारणं ही दुरुस्ती नाही, तो लपवाछपवीचा प्रकार आहे. रिव्हेट काढून बदल. माप आणि जागा आरडीएसओच्या (रेल्वेच्या डिझाइन ठरवणाऱ्या संस्थेच्या) ड्रॉइंगप्रमाणे, शेजारच्या डब्याकडे बघून नव्हे. शेजारच्या डब्यावरही कोणीतरी हात चालवलेला असू शकतो.

वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प ब्रॅकेटच्या अगदी जवळ, त्याच फ्रेमवर लाव. ती रुळाला लावलीस तर करंट अॅक्सलच्या बेअरिंगमधून रस्ता शोधतो आणि सीटीआरबीच्या, म्हणजे त्याच बेअरिंगच्या, रोलरवर बारीक खड्डे पडतात. वरून काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी कुठल्यातरी दुसऱ्याच डिव्हिजनमध्ये बेअरिंग तापून हॉट अॅक्सल होतो आणि तिथले लोक डोकं खाजवतात. पेट्रोलच्या टँकवॅगनला तर गॅस-फ्री झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय ठिणगी पाडायचीच नाही. कागद वाच, तारीख आणि डब्याचा नंबर जुळव.

तुझ्यावर दबाव येईल, तो काही फार मोठ्या आवाजात येत नाही. "अरे, रेक अडकलाय, हवेचा ब्रेक फर्स्ट क्लास आहे ना?" एवढंच. त्यांचंही चूक नाही. गाडी सोडताना दिल्या जाणाऱ्या ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर जो टक्का लिहितात तो चालू सिलिंडरांचा, हँडब्रेकचा नाही. क्लोज सर्किट रेक (ठरलेल्या मार्गांवर तेच डबे घेऊन फिरणारी गाडी) तर एकदा तपासला की 7500 किलोमीटर किंवा 35 दिवस धावतो. तेवढ्या काळात त्या चाकाला शंटिंगवाल्यांशिवाय कोणी हात लावणार नाही. बॉक्सएन दीड वर्षाने आरओएचला (ठरावीक मुदतीच्या तपासणी-दुरुस्तीला) येईल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांना एवढंच सांग की दरम्यान ती घाटाच्या पायथ्याशी एखाद्या लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) उभी राहणार आहे. वाद घालू नकोस. डब्याचा नंबर, कुठलं ब्रॅकेट, काय दिसलं हे रजिस्टरमध्ये लिही. "हँडब्रेक डिफेक्टिव्ह" असं लिहिलंस तर उद्या त्याचा कोणीही काहीही अर्थ काढेल. "ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेला चीर, ताणाखाली उघडते" असं लिहिलंस की पुढचा माणूस आपोआप ताणाखालीच बघतो.

आणि चाकाला पहार लावणारा कोणी दिसला तर त्याला ओरडू नकोस, कारण विचार. बहुतेक वेळा आटे गंजलेले असतात आणि त्याच्या हाताने खरंच फिरत नसतं. घासून ग्रीस लाव. ग्रीसचा डबा सिक लाइनवर असतो, तो यार्डात पोचत नाही, ही आपल्या खात्याची जुनी रड आहे.

तुझी ती वाकलेली वाघीण अजून लाइनवर असेल तर चाक आवळून ब्रॅकेटच्या बुडाचा फोटो काढ, मोकळं करून त्याच जागेवरून दुसरा काढ, आणि दोन्ही मला पाठव. उजेड बाजूने पडू दे, समोरून टॉर्च मारलास तर रेघ बुजते.

तुझा,
काका