झेंग हच्या आरमाराने कालिकत जिंकून का घेतलं नाही?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: पंधराव्या शतकातला चिनी आरमारप्रमुख झेंग ह याच्या सफरी व्यापारासाठी होत्या की चीनच्या बादशहाचा डामडौल मिरवण्यासाठी, आणि एवढं मोठं आरमार दाराशी असताना केरळातलं कालिकत बंदर त्याने घेतलं का नाही. मी गेली काही वर्षं या विषयाचं मिळेल ते वाचतोय. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर चीनच्या एका कायद्यात आहे.

मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने १३७१ मध्ये खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली. त्यानंतर परदेशी माल कायदेशीरपणे चीनमध्ये यायचा, तर तो नजराण्याच्या वाटेने. दूरच्या राजाने वकील पाठवायचा, वकिलाने बादशहापुढे आपल्या देशातल्या वस्तू ठेवायच्या आणि बादशहाने उलट भेट म्हणून रेशीम, चिनी मातीची भांडी, मानाची वस्त्रं द्यायची. उलट भेट बहुधा नजराण्याहून भारी असे. वकिलासोबत आलेल्या व्यापाऱ्यांनाही थोडाफार माल विकता येई. म्हणजे राजकारण आणि व्यापार असे दोन कप्पे तिथे नव्हतेच, व्यापाराला राजनीतीचा पोशाख चढवावाच लागे. पुढे योंगल बादशहाने पुतण्याकडून गादी हिसकावली, १४०२ मध्ये. अशा माणसाला देशोदेशीचे वकील आपल्या दरबारात हवे असणार, हे उघड आहे. ते वकील आणायला आणि परत पोचवायला झेंग हची जहाजं जात.

१४०५ ते १४३३ या काळात अशा सात सफरी झाल्या. पहिल्याच सफरीत २७ हजारांहून जास्त माणसं होती. सर्वांत मोठी जहाजं सव्वाशे मीटरहून लांब होती असं जुन्या नोंदी सांगतात. अभ्यासकांमध्ये यावर जोरदार वाद आहे आणि मलाही लाकडी जहाजासाठी तो आकडा जास्त वाटतो. पण नानजिंगच्या जहाजगोदीत ११ मीटर लांबीचा सुकाणूचा दांडा सापडला आहे, तेव्हा जहाजं लहान नक्कीच नव्हती.

पहिल्या सफरीचं मुख्य ठिकाण कालिकतच होतं. तिथला सौदा कसा होई, याचं वर्णन मा हुआन नावाच्या दुभाष्याने लिहून ठेवलंय, आणि मला या सगळ्या इतिहासातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सामुद्री राजाचा (कालिकतच्या झामोरिनचा) अधिकारी, चेट्टी या दक्षिणेतल्या व्यापारी समाजातले व्यापारी आणि आरमाराचा प्रमुख असे सगळे ठरलेल्या दिवशी बसत. चिनी रेशीम आणि इतर माल एकेक नग पाहून भाव ठरे आणि त्याचा कागद करून दोन्ही बाजू ठेवत. मग सगळे हातात हात घेत आणि दलाल जाहीर करी, की अमुक महिन्याच्या अमुक दिवशी आपण हात मिळवले, आता भाव महाग ठरो की स्वस्त, कोणी मागे फिरायचं नाही. यानंतर स्थानिक व्यापारी मोती, रत्नं घेऊन येत. त्यांचा भाव ठरायला महिना, कधी दोन-तीन महिने लागत. हिशेब करणारे हातापायांची वीस बोटं वापरत आणि त्यांची चूक होत नसे, हे मा हुआनने कौतुकाने नोंदवलंय.

आता सांगा, जिथे भाव ठरतो, शब्द पाळला जातो आणि माल मिळतो, ते बंदर जाळून हाती काय लागलं असतं? तलाठी-कारभारी नेमून तिथे राज्य चालवायची योंगलची इच्छाच दिसत नाही. त्याला सामुद्रीच्या वकिलाचं मुजऱ्याला येणं पुरेसं होतं.

म्हणून हे आरमार निव्वळ शांतिदूत होतं, असंही म्हणू नका. आजकाल तसं बरंच लिहिलं जातं आणि ते मला पटत नाही. १४०७ मध्ये सुमात्रा बेटावरच्या पालेम्बांगला चेन झूयी या चाच्याची टोळी मोडून त्याला नानजिंगला नेलं आणि ठार केलं. १४११ मध्ये श्रीलंकेत तिथल्या सत्ताधीशाशी लढाई झाली, त्याला कैद करून चीनला नेलं, मग बादशहाने सोडलं. मलाया द्वीपकल्पावरच्या मलाक्का बंदरात तटबंदी करून गोदामं बांधली होती. परतीच्या वाऱ्याची वाट पाहत जहाजं तिथे जमत आणि मालाची वर्गवारी होई. बंदरं आणि समुद्रवाटा आपल्या सोयीच्या ठेवण्यासाठी बळ वापरायला त्यांची ना नव्हती.

त्याच श्रीलंकेतला १४०९ चा शिलालेख मात्र मी कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिलाय आणि त्यापुढून लवकर हलवलं नाही. एकाच दगडावर चिनी, तमिळ आणि फारसी मजकूर आहे. चिनी मजकुरात दान बुद्धाला, तमिळमध्ये विष्णुरूप तेनावरै नायनाराला, फारसीत इस्लामच्या नावाने. तिघांना दिलेल्या सोन्याचांदीच्या, रेशमाच्या याद्याही जवळपास सारख्या. दगड नानजिंगमध्ये कोरून या आरमाराने श्रीलंकेत नेलेला. त्या किनाऱ्यावर कोण कोण व्यापार करतं आणि कोणाला काय वंदनीय आहे, याची पक्की माहिती असल्याशिवाय असा दगड तयार होत नाही. झेंग ह स्वतः युन्नानच्या मुसलमान घरातला, त्याचे वडील हाजी. लहानपणी मिंग सैन्याने पकडून त्याला खच्ची करून खोजा केलं होतं.

मग हे थांबलं का? खर्च अफाट होता. राजधानी १४२१ मध्ये बीजिंगला गेली आणि लक्ष उत्तरेच्या मंगोलांकडे वळलं. दरबारी विद्वानांना खोजांच्या हातातला हा कारभार आधीपासून खुपत होता. योंगल १४२४ मध्ये वारला आणि त्याच्या मुलाने लगेच सफरी बंद केल्या. नातवाने शेवटची एक पाठवली, ती १४३३ मध्ये परतली. तोवर आणलेली मिरी मात्र कोठारांत इतकी साठली होती, की पुढेही अनेक वर्षं सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही भाग मिरी आणि पतंग नावाच्या, लाल रंग देणाऱ्या झाडाच्या लाकडात चुकता होत राहिला.