मोनोपॉलीचा कंटाळा, बुद्धिबळाचे दडपण आणि घरात बहुधा दोघेच: पहिला बोर्ड गेम कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नातली सर्वांत उपयोगाची माहिती तुम्ही शेवटी, जाता जाता दिली आहे. सगळेजण ‘कॅटान’ घ्यायला सांगतात, तर तोच घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. आणि त्याखाली लिहिले आहे की शब्दकोडी आणि सुडोकू तुम्ही रोज सोडवता, मोनोपॉलीचा एक डाव तीन तास चालून भांडणात संपला, बुद्धिबळ आवडते पण हरल्यावर मनाला फार लागते, घरात बहुतेक संध्याकाळी दोघेच असता आणि महिन्यातून एखाद्या वेळी सहाजण जमतात. माझ्या मते या चार ओळींतच तुमचे उत्तर आहे. दोघांसाठी ‘कॅस्केडिया’ किंवा ‘पॅचवर्क’ यांपैकी एक घ्यावा, सहाजणांच्या दिवसासाठी ‘कोडनेम्स’ घ्यावा आणि कॅटान तूर्त बाजूला ठेवावा. असे का, ते आता सविस्तर सांगते.

कॅटान वाईट आहे असे मुळीच नाही. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ 1995 साली आला, त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर असंख्य लोक याच खेळातून या छंदाकडे वळले. म्हणून त्याची शिफारस जवळजवळ सवयीने केली जाते. पण त्याची मूळ पेटी 3 ते 4 जणांसाठी आहे, म्हणजे तुमच्या बहुतेक संध्याकाळी ती कपाटातच राहील. शिवाय त्या खेळाचा जीव आहे तो सौदेबाजीत: ‘मला एक वीट दे, मी तुला दोन मेंढ्या देतो’ अशी घासाघीस करायला ज्याला मनापासून आवडते त्याच्यासाठी तो बनलेला आहे, आणि तुमच्या प्रश्नात अशा आवडीची एकही खूण मला दिसली नाही. त्यातच दोन फाशांची बेरीज 7 आली की, म्हणजे सरासरीने दर सहा फेकींमागे एकदा, फासे टाकणाऱ्याला दरोडेखोराची सोंगटी दुसऱ्याच्या जमिनीवर बसवून त्याचे एक पान काढून घ्यावे लागते. ज्या घरात मोनोपॉलीवरून भांडण झाले, तिथे पहिल्याच आठवड्यात हे नेऊन ठेवण्याची घाई करू नये.

ही गोष्ट मी एक मैत्रीण गमावता गमावता शिकले, म्हणजे मैत्री टिकली पण तिने खेळायला येणे बंद केले. तिला शांतपणे, एकाग्रतेने करायची कामे आवडत. विणकाम, चित्रांचे तुकडे जुळवणे वगैरे. मी मात्र मला त्या काळी जो खेळ सर्वश्रेष्ठ वाटत होता तो, कारखाने, कर्जे आणि बाजारभाव यांचा एक अवजड खेळ, तिच्यापुढे मांडला. पाऊण तास नियम समजावण्यात गेला. दुसऱ्या तासाच्या सुमारास ती पटाकडे पाहतही नव्हती, फक्त मधूनमधून ‘माझी पाळी आली का?’ एवढे विचारत होती. खेळ उत्तम होता, पण तो माझ्या आवडीचा होता. तेव्हापासून कोणी विचारले की मी आधी खेळांची नावे घेत नाही. तुम्हाला याआधी कशाचा कंटाळा आला आणि कशात वेळेचे भान राहिले नाही, एवढेच विचारते. तुम्ही ते न विचारताच सांगितले आहे.

मोनोपॉलीत नेमके काय खुपते ते पाहू. एकेक जण दिवाळखोर होऊन बाहेर पडतो आणि उरलेल्यांचा डाव संपेपर्यंत नुसता बसून राहतो. कोण जिंकणार हे पुष्कळदा अर्ध्या वाटेवरच कळते, तरी डाव संपत नाही. आणि आपल्या पाळीत पुष्कळदा फासे टाकून सोंगटी सरकवण्यापलीकडे काही ठरवायचेच नसते. बुद्धिबळातली अडचण याच्या अगदी उलट आहे. तिथे सगळे आपणच ठरवतो, नशिबाकडे बोट दाखवायला जागा नसते, प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक फायदा हा आपला तोटा असतो, त्यामुळे हार ही थेट आपल्या बुद्धीवरचा शेरा वाटते. आणि सुडोकू तुम्हाला का आवडते? एक आकडा जागेवर बसला की शेजारच्या तीन चौकटी उघडतात म्हणून. तेव्हा तुम्हाला हवा आहे असा खेळ, ज्यात प्रत्येक पाळीला एक लहानसे कोडे सुटते, जो ठरलेल्या वेळी संपतो, ज्यात थोडे नशीब असते पण निर्णय आपला असतो, आणि ज्यात समोरचा माणूस आपले बांधलेले मोडायला येत नाही.

कॅस्केडिया या वर्णनाच्या सर्वांत जवळ जातो. रँडी फ्लिन यांचा हा खेळ 2021 साली आला, पुढच्या वर्षी त्यालाही तोच जर्मन पुरस्कार मिळाला, आणि तो 1 ते 4 जणांना खेळता येतो, म्हणजे तुम्ही एकटे असतानासुद्धा. मध्ये चार जोड्या मांडलेल्या असतात: एक षटकोनी भूभाग आणि त्याच्यासोबत एका प्राण्याची लाकडी चकती. आपल्या पाळीला एक जोडी उचलायची, भूभाग आपल्या प्रदेशाला जोडायचा आणि प्राणी योग्य जागी बसवायचा. प्रत्येकाला बरोबर 20 पाळ्या मिळतात. त्यानंतर डाव संपतो, कितीही रेंगाळायचे म्हटले तरी रेंगाळत नाही. गंमत अशी की प्रत्येक प्राण्याचे गुण वेगळ्या तऱ्हेने मोजले जातात. साध्या मांडणीत अस्वले जोडीने हवी असतात, ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा चालत नाही, सामन मासे एका रांगेत वाहत जावे लागतात आणि कोल्ह्याभोवती जितके वेगवेगळे प्राणी तितके त्याचे गुण जास्त. परवाच्या डावात माझे जंगल पुरे करणारा नेमका तुकडा मध्ये आला, पण त्याच्यासोबत होता ससाणा, आणि ससाणा बसू शकेल अशी माझी प्रत्येक मोकळी जागा दुसऱ्या ससाण्याला लागून होती. जंगल मोठे करावे की ससाणे विखुरलेले ठेवावेत, या प्रश्नावर मी दोन मिनिटे तो तुकडा बोटांत फिरवत बसले होते. सुडोकूतली ती एक अडलेली चौकट आठवावी, तसेच ते होते; फरक इतकाच की इथे उत्तरे एकाहून अधिक असतात आणि त्यांतले कमी तोट्याचे निवडायचे असते. खेळगड्यांचा एकमेकांशी संबंध जोडी उचलण्यापुरताच येतो. काहींना हे फार सुटेसुटे वाटते, पण तुमच्या बाबतीत मी याला गुणच मानेन.

पॅचवर्क केवळ दोघांसाठी आहे आणि दोघांसाठी म्हणूनच रचलेला आहे, हे त्याचे बळ. उवे रोझेनबर्ग यांचा हा 2014 सालचा खेळ म्हणजे सरळ भाषेत गोधडी शिवणे. प्रत्येकासमोर 9 बाय 9 चौकटींचा कोरा पट असतो, मध्ये वेड्यावाकड्या आकाराची ठिगळे वर्तुळात मांडलेली असतात, आणि पुढच्या तीन ठिगळांपैकी एकच घेता येते. ठिगळाची किंमत दुहेरी असते: काही बटणे आणि काही वेळ. वेळेच्या वाटेवर जो मागे असतो त्याचीच पाळी येते, त्यामुळे दोन-तीन लहान, पटकन शिवून होणारी ठिगळे लागोपाठ घेता येतात, किंवा एकच मोठे घेऊन समोरच्याला बराच वेळ मोकळीक द्यावी लागते. शेवटी रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक चौकटीमागे 2 गुण जातात. पहिल्या डावात गुण शून्याच्या खाली गेले तर त्यात नवल नाही. तिसऱ्या डावापर्यंत, कोणत्या आकाराची पोकळी पुढे भरता येत नाही हे डोळ्यांना आपोआप कळू लागते. अर्धा तास हाताशी असेल आणि जेवणाचे टेबलही मोठे नसेल, तर मी हाच काढते.

या दोहोंपैकी कोणता, हे तुमच्या घरातल्या दुसऱ्या व्यक्तीवर ठरवावे. तिला आकार जुळवण्यात रस असेल तर पॅचवर्क, आणि नकाशा हळूहळू वाढताना पाहणे आवडत असेल तर कॅस्केडिया. पुष्कळजण ‘अझूल’ही सुचवतील. मिखाएल कीसलिंग यांचा तो 2017 सालचा खेळ अतिशय सुबक आहे आणि त्याच्या फरशा हाताळण्यातच एक सुख आहे. मात्र दोघांत खेळताना त्याला एक धार येते, ती आधी माहीत असावी. फेरीच्या शेवटी मध्ये एकाच रंगाच्या, समजा लाल, फरशांचा ढीग साचतो, तो कोणाला तरी सगळाच्या सगळा उचलावा लागतो, आणि ज्या आपल्या पटावर बसत नाहीत त्या खाली पडून गुण कापतात. तो ढीग मुद्दाम समोरच्याच्या गळ्यात घालणे हा तिथे रडीचा डाव मानला जात नाही, कौशल्य मानले जाते. बुद्धिबळातले दडपण जिथून येते तो धागा इथेही थोडा आहे. म्हणून तो तुमचा दुसरा किंवा तिसरा खेळ असावा, पहिला नव्हे.

सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध लढायचे, असे सहकारी खेळही आहेत, आणि भांडण टाळायचे म्हटले की कोणीतरी मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’चे नाव घेतेच. खेळ चांगला आहे. पण सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असल्याने घरातला सर्वांत बोलका माणूस इतरांच्या पाळ्याही स्वतःच खेळू लागतो, आणि तसे झाले की बाकीचे केवळ सोंगट्या सरकवणारे हात उरतात. तुमच्याकडे असा कोणी असेल तर ‘हनाबी’ पाहावा. त्यात प्रत्येकजण स्वतःची पाने उलटी, इतरांकडे तोंड करून धरतो आणि मोजक्या इशाऱ्यांवर खेळतो, त्यामुळे कोणा एकाला सूत्रे ताब्यात घेताच येत नाहीत.

आता सहाजणांचा दिवस. शब्दकोडी आवडतात हे वाचल्यावर व्लादा ख्वातिल यांच्या 2015 सालच्या कोडनेम्सशिवाय दुसरे काही मनात आले नाही. टेबलावर 25 शब्द मांडायचे, तीन-तीन जणांचे दोन संघ करायचे, आणि प्रत्येक संघातला एकजण आपल्या भिडूंना एक शब्द आणि एक आकडा (त्या इशाऱ्यात टेबलावरचे किती शब्द बसतात तो) एवढाच इशारा देतो. सुरुवात करणाऱ्या संघाला 9 शब्द ओळखायचे असतात, दुसऱ्याला 8, आणि एक शब्द असा असतो की तो चुकून निवडला तर डाव तिथेच हरला. विकतच्या पेटीतले शब्द इंग्रजीत असतील तर मी आग्रहाने सांगेन की चिठ्ठ्यांवर स्वतः मराठी शब्द लिहावेत, कारण या खेळाची खरी मजा शब्दांच्या अनेक अर्थांत आहे आणि त्यात मराठी कुठेच कमी पडत नाही. ‘पान’, ‘हार’, ‘कर’, ‘नाव’, ‘कळ’, ‘माळ’ असे शब्द मुद्दाम घ्यावेत. समजा ‘पान’, ‘फांदी’ आणि ‘पुस्तक’ तिन्ही टेबलावर आहेत. ‘झाड, दोन’ म्हटले तर पान एका बाजूला जाते, ‘वाचन, दोन’ म्हटले तर दुसऱ्या. आमच्या एका डावात ‘गळा, दोन’ हा इशारा ‘हार’ आणि ‘माळ’ यांच्यासाठी होता, आणि माझ्या भिडूने पूर्ण विश्वासाने ‘सूर’ या चिठ्ठीवर बोट ठेवले. तो शब्द नेमका दुसऱ्या संघाचा होता. त्याचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणू शकत नाही, आणि डाव संपल्यावर त्यावरची चर्चाच अधिक वेळ चालली. हरणाऱ्याच्या मनाला लागत नाही, कारण चूक कुणा एकाची नसते. ती दोघांच्या मनांतल्या अंतरातून होते.

विकत घेण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. पेटीवरची खेळगड्यांची संख्या ही कमाल-किमान मर्यादा असते. ‘2 ते 5’ लिहिले आहे म्हणून दोघांत रंगेलच असे नाही. पेटीवरची वेळ नियम येणाऱ्यांसाठी असते, पहिल्या डावाला त्याहून बराच जास्त वेळ धरावा. ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर खेळाचा अवघडपणा 1 ते 5 या मापात दिलेला असतो आणि तो उपयोगी आहे. सुरुवातीला 2 च्या आसपास राहावे. तिथल्या क्रमवारीवर मात्र विसंबू नये, कारण तिथे गुण देणारे वर्षानुवर्षे खेळत आलेले लोक असतात आणि साहजिकच त्यांना जड खेळ आवडतात. ‘बोर्ड गेम अरेना’वर बरेच खेळ संगणकावर खेळून पाहता येतात, पण नियम कळण्यापुरताच त्याचा उपयोग करावा, कारण हातात तुकडा धरून विचार करण्याचे सुख तिथे मिळत नाही.

नियम वाचण्याचे काम तुम्ही आदल्या दिवशी एकट्याने करावे आणि पहिला डाव दोघांनीही आपापले विचार मोठ्याने बोलत, गुण न मोजता खेळावा. दुसरा डाव त्याच आठवड्यात व्हायला हवा, नाहीतर नियम पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागतात आणि पेटी उघडण्याचाच कंटाळा येतो.

कॅटानचे म्हणाल तर जमणाऱ्यांपैकी कोणाकडे तो असेलच, तेव्हा चौघेजण असाल अशा एखाद्या दिवशी त्यांनाच घेऊन यायला सांगा. देवघेवीच्या त्या गोंगाटात तुम्ही स्वतःहून बोली लावू लागलात, तर माझा अंदाज चुकला असे समजून मला अवश्य कळवा. मग तुमच्यासाठी सौदेबाजीच्या खेळांची एक निराळीच यादी माझ्याकडे आहे.